इंटरनेटचीं नवीं नांवें : सावधगिरी व विलंब

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांस इंटरनेटवरील पत्ता लिहिण्याचा सराव आहे. परंतु त्या पत्त्याच्या अगदीं शेवटीं जो एक लहानसा शब्द येतो, त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. 'कॉम', 'ऑर्ग', 'एड्यू', 'इन' हे ते शब्द होत. पत्त्यांतील हा शेवटचा शब्द यंत्राच्या दृष्टीनें मात्र सर्वांत पहिला असतो. असे नवे शब्द केव्हां उघडावे व किती उघडावे, या प्रश्नावर गेलीं कित्येक वर्षें तज्ज्ञांमध्यें वाद चालला आहे. एका पक्षाचें म्हणणें, उशीर पुरे झाला. दुसऱ्याचें म्हणणें, धोका नीट पाहिल्यावांचून एकहि नांव उघडूं नये. हा वाद केवळ व्यापाऱ्यांचा आहे असें वरवर दिसतें. पण तो तसा नाहीं, हें दाखविण्याचा प्रयत्न आम्ही या लेखांत करणार आहों. (रोमन लिपींतील नांवेंहि आम्ही येथें नागरींतच लिहिलीं आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.)

प्रथम या व्यवस्थेची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. संगणक एकमेकांस आंकड्यांनीं ओळखतात. माणसांच्या लक्षांत आंकडे राहत नाहींत, नांवें राहतात. इंटरनेटच्या बाल्यावस्थेंत कोणत्या नांवाचा कोणता आंकडा याची एकच यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत ठेवलेली असे व इतर संगणक तिची प्रत उतरून घेत. संगणक वाढले तशी ही यादी आवरेनाशी झाली. तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं नवी पद्धति आंखून दिली. तींत एकच मोठी यादी नाहीं. कामाची वांटणी आहे. पत्त्याचा शोध करावयाचा झाल्यास यंत्र तो उजवीकडून डावीकडे वाचतें. प्रथम तें मूळ सर्व्हरास विचारतें कीं, 'कॉमचा कारभार कोणाकडे?' मूळ सर्व्हर त्या कारभाऱ्याचा ठिकाणा देतो. मग तो कारभारी पुढील शब्दाचा ठिकाणा सांगतो, आणि असें करीत करीत इष्ट स्थळ सांपडतें. तालुक्याच्या कचेरींत गांव विचारावें, गांवच्या चावडीवर वाडी विचारावी आणि वाडींत घर विचारावें, तसाच हा प्रकार. मूळ सर्व्हरांचीं नांवें तेराच आहेत, 'ए' पासून 'एम' पर्यंतच्या रोमन अक्षरांचीं. मात्र त्यांच्या प्रती जगभर हजाराहून अधिक ठिकाणीं ठेवलेल्या आहेत. जें शेवटचें नांव त्यांच्यापाशीं नोंदलेलें नाहीं त्याविषयीं ते स्वच्छ सांगतात कीं, असें नांवच अस्तित्वांत नाहीं. हें नकाराचें उत्तर वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढील सर्व हकीगत त्यावरच उभी आहे.

पहिल्या कांहीं वर्षांत देशांचीं दोन अक्षरी नांवें सोडलीं तर कॉम, नेट, ऑर्ग, एड्यू, गव्ह, मिल अशीं थोडींच नांवें होतीं. १९९८ सालीं या कारभारावर देखरेख करण्यासाठीं आयकॅन ही संस्था कॅलिफोर्नियांत स्थापन झाली. तिनें २००० सालीं सात नवीं नांवें निवडलीं व नंतरच्या वर्षांत आणखी थोडीं. मग २० जून २०११ रोजीं सिंगापूर येथें तिच्या संचालक मंडळानें दार मोठें उघडण्याचा ठराव केला आणि १२ जानेवारी २०१२ पासून अर्ज घेण्यास आरंभ झाला. एका अर्जाची फी १,८५,००० अमेरिकन डॉलर होती. एवढी जबर फी असूनहि १,९३० अर्ज आले. त्यांतील ९११ उत्तर अमेरिकेंतील, ६७५ युरोपांतील, ३०३ आशिया व पॅसिफिक भागांतील, २४ दक्षिण व मध्य अमेरिकेच्या बाजूचे आणि सबंध आफ्रिका खंडांतून अवघे १७. हे आंकडे आम्ही मुद्दाम दिले आहेत. विलंबाची झळ कोणास लागते हें पाहतांना त्यांचा उपयोग होईल.

पहिला विलंब तर अर्ज भरण्याच्या वेळींच झाला. एका अर्जदारास दुसऱ्याच्या कागदांचीं नांवें दिसूं शकतात, असा दोष अर्ज घेणाऱ्या यंत्रणेंत आढळल्यामुळें एप्रिल २०१२ मध्यें ती बंद करावी लागली व मे महिन्याच्या अखेरीस अर्जांची मुदत संपली. पुढें क्रम ठरविण्यासाठीं डिसेंबर २०१२ मध्यें सोडत काढली गेली. तींत रोमनेतर लिपींतील नांवांस अग्रमान देण्यांत आला, ही गोष्ट चांगली झाली. परंतु याहून फार खोल असलेली एक अडचण याच सुमारास पृष्ठभागावर आली.

आपल्याकडे बहुतेक घरांत मुलाचें एक नांव शाळेच्या पटावर असतें व दुसरें घरांत हांक मारण्याचें. बंडू, बाळू, सोनू अशीं तीं नांवें. उंबऱ्याच्या आंत या नांवांनीं कसलाहि घोंटाळा होत नाहीं. आतां समजा, वडील परगांवीं गेले असतां पोस्टकार्डावर केवळ 'चि. बंडूस' एवढेंच लिहून तें पेटींत टाकतात. पोस्टमनास असा कोणी माहीत नाहीं. 'पत्ता सांपडत नाहीं' असा शेरा घेऊन कार्ड परत येतें. हानि कांहींच नाहीं. परंतु उद्यां त्याच गांवांत 'बंडू' याच नांवाचें एक दुकान रीतसर नोंद होऊन उघडलें, तर? कार्ड परत येणार नाहीं. तें दुकानदाराच्या हातीं पडेल. त्यांत घरच्या पैशाअडक्याची गोष्ट असली तर तीहि त्यास कळेल. दुकानदारानें यांत कांहीं गुन्हा केला नाहीं, वडिलांनीं नेहमींचेंच केलें, आणि पोस्टमननें तर आपलें कर्तव्यच केलें.

संगणकांच्या जगांत असे 'बंडू' अगणित आहेत. कचेऱ्या, कारखाने, इस्पितळें, विद्यापीठें यांनीं आपल्या अंतर्गत जाळ्यांत स्वतःच्या सोयीचीं शेवटचीं नांवें लावून घेतलीं. कोणी 'कॉर्प' लिहिलें, कोणी 'मेल', आणि घरोघरच्या लहान यंत्रांनीं 'होम'. हीं नांवें कोठेंच नोंदलेलीं नव्हतीं, म्हणूनच तीं निर्धोक वाटत होतीं. परंतु कचेरींतील संगणक आतां पाटीपुस्तकाप्रमाणें बगलेंत मारून नेतां येतो. तो विमानतळावर किंवा उपाहारगृहांत उघडला कीं संवयीप्रमाणें तो कचेरींतल्याच नांवानें हांक मारतो. तेथें ती हांक ऐकणारें कोणी नसतें, म्हणून ती थेट मूळ सर्व्हरापर्यंत जाते. इतकीं वर्षें मूळ सर्व्हर 'असें नांव नाहीं' म्हणून सांगत आला व संगणक मुकाट्यानें दुसरा मार्ग शोधीत राहिला. त्या नकाराची एक भिंतच झाली होती. ती कोणी मुद्दाम बांधली नव्हती, तिच्या आडोशानें आपण सुरक्षित आहों हें कोणास ठाऊकहि नव्हतें. आणि नवें नांव उघडणें म्हणजे नेमकी तीच भिंत पाडणें होतें.

यांतून प्रत्यक्ष अपाय कसा होतो, हें एका उदाहरणानें सांगतों. विंडोज चालविणारे पुष्कळसे संगणक जाळ्यांत शिरतांच 'डब्ल्यूपॅड' या नांवाच्या मार्गदर्शकाचा शोध करितात. बाहेर जाणारी सर्व वाहतूक कोणत्या मधल्या यंत्रामार्फत न्यावी हें तो सांगतो. कचेरीच्या अंतर्गत नांवाला हाच शब्द जोडून चौकशी होते. ती चौकशी कचेरीबाहेर गळाली आणि तेंच नांव एखाद्या लबाडानें खऱ्या इंटरनेटवर विकत घेऊन ठेवलें असेल, तर उत्तर तो लबाड देईल, आणि त्या संगणकाची सारी वाहतूक त्याच्या दारावरून जाऊं लागेल. ही केवळ कल्पना नव्हे. मे २०१६ मध्यें अमेरिकन सरकारच्या संगणक-आपत्ति निवारण पथकानें याच प्रकाराविषयीं जाहीर इशारा दिला होता.

इशारे त्यापूर्वींहि मिळाले होते. आयकॅनच्या सुरक्षा व स्थैर्य सल्लागार समितीनें २०१० सालींच मूळ सर्व्हरांवर येणाऱ्या अनोंदणीकृत नांवांच्या चौकशांकडे लक्ष वेधलें होतें. २०१३ च्या आरंभीं त्याच समितीच्या नजरेस आणखी एक गोष्ट आली. संकेतस्थळाची ओळख पटविणारीं प्रमाणपत्रें देणाऱ्या संस्था अंतर्गत नांवांसाठींहि प्रमाणपत्रें देत असत. कारण तीं नांवें बाहेर कोणाचींच नव्हतीं. समितीच्या एका संशोधकानें अद्याप न उघडलेल्या एका नांवासाठीं असें प्रमाणपत्र मिळवून दाखविलें. उद्यां तें नांव उघडल्यावर हें प्रमाणपत्र हातांत असलेला मनुष्य सहज दुसऱ्याचें सोंग घेऊं शकला असता. समितीनें याचा गवगवा न करितां प्रथम आयकॅनला व प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या मंडळाला कळविलें; मंडळानें फेब्रुवारी २०१३ मध्यें नियम बदलले; आणि मार्चमध्यें मगच समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. घाई कोठें करावी व मौन कोठें पाळावें याचा इतका सुरेख मेळ या सर्व प्रकरणांत दुसरीकडे क्वचितच दिसतो.

मार्च २०१३ मध्येंच व्हेरिसाइन कंपनीनेंहि धोक्याचा अहवाल काढला. येथें वाद चिघळला, कारण व्हेरिसाइन ही 'कॉम' व 'नेट' यांचीच कारभारीण. नवीं नांवें बाजारांत आलीं तर तिच्या मक्तेदारीस शह बसणार, म्हणून ती भीति पसरवीत आहे, असें अर्जदार उघड म्हणूं लागले. त्यांचा संताप अनाठायीं नव्हता. फी भरून वर्ष लोटलें, नोकर नेमले, जागा भाड्यानें घेतल्या, आणि आतां आयत्या वेळीं हें नवें विघ्न! तथापि आमच्या मतें येथें एक विवेक केला पाहिजे. इशारा देणाराचा स्वार्थ आहे एवढ्यावरून इशारा खोटा ठरत नाहीं. तो तपासून पाहावा लागतो. शेजारच्या हलवायानें 'त्या दुकानचें तूप भेसळीचें आहे' म्हटलें तर आपण त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवणार नाहीं हें खरें, परंतु तूप मात्र हुंगून पाहूंच.

तें हुंगण्याचें काम आयकॅननें इंटरआइल या सल्लागार संस्थेकडे सोंपविलें. ऑगस्ट २०१३ मध्यें तिचा अहवाल आला. मूळ सर्व्हरांवर येणाऱ्या चौकशांच्या नोंदी चाळून त्यांनीं असें ठरविलें कीं, मागितलेल्या नांवांपैकीं सुमारें ८० टक्के नांवांत धोका अल्प आहे, सुमारें २० टक्क्यांविषयीं अधिक अभ्यास हवा, आणि 'होम' व 'कॉर्प' हीं दोन नांवें निश्चित धोक्याचीं आहेत. या निकालाचा मोठा लाभ असा झाला कीं, 'सर्वच उघडा' आणि 'सर्वच थांबवा' या दोन्ही आरोळ्या निरर्थक ठरल्या. ऑक्टोबर २०१३ मध्यें मंडळानें योजना ठरविली कीं, जीं विशिष्ट जोडनांवें चौकशांत आधींच दिसत आहेत तेवढीं रोखून ठेवावीं व बाकीचा मार्ग मोकळा करावा. २३ ऑक्टोबर २०१३ रोजीं या फेरींतील पहिलीं चार नांवें मूळ यादींत चढलीं. त्यांपैकीं एकहि रोमन लिपींतील नव्हतें: अरबींतील 'जाळें' या अर्थाचा शब्द, रशियन लिपींतील 'ऑनलाइन' व 'साइट', आणि चिनी भाषेंतील 'खेळ' या अर्थाचा शब्द.

यानंतर जी युक्ति काढली गेली ती आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस विशेष रुचेल. नांव उघडल्यावर निदान ९० दिवस त्याच्याखालील चौकशांस एक ठराविक उत्तर द्यावयाचें: १२७.०.५३.५३. आंकडे १२७ नें सुरू होणारा पत्ता म्हणजे यंत्राचा स्वतःचाच पत्ता. तेथें पाठविलेलें कांहींहि यंत्राबाहेर जात नाहीं. म्हणजे चुकून हांक मारणारा संगणक दुसऱ्या कोणाच्या दारीं न जातां स्वतःशींच बोलत बसतो, आणि त्याचें नेहमींचें काम अडतें. अडलें कीं व्यवस्थापक कारण शोधूं लागतो, आणि नोंदवहींत त्यास हा विचित्र आंकडा दिसतो. ५३ हाच आंकडा कां? नांवांच्या चौकशीसाठीं संगणकांत जें दार राखलेलें असतें त्याचा क्रमांक ५३ आहे. जाणत्याच्या नजरेस तो दोनदां पडला कीं दोष नांवांच्या व्यवहारांत आहे हें त्यास उमगावें. दुसरीहि एक सूचना पुढें आली होती कीं, अशा भरकटलेल्या चौकशा एका खास यंत्राकडे वळवून तेथून इशारा द्यावा. ती नाकारली गेली. कारण तसें केल्यास परक्यांचीं गुपितें त्या यंत्राकडे आपोआप जमा झालीं असतीं. रोग कळावा पण रोग्याचा पेटारा उघडला जाऊं नये, असा हा विचार होता. जुलै २०१४ मध्यें मंडळानें ही रीत मान्य केली. मनुष्याच्या जिवास धोका आहे अशी तक्रार आल्यास नांवाच्या कारभाऱ्यानें दोन तासांच्या आंत हालचाल करावी, असाहि दंडक पहिल्या दोन वर्षांसाठीं घालण्यांत आला. तक्रारी अपेक्षेपेक्षां पुष्कळच थोड्या आल्या.

याच अभ्यासांत एक अनपेक्षित गोष्ट हातीं लागली. जे सल्लागार ही रीत आंखीत होते त्या 'जास' नांवाच्या संस्थेस २०१४ च्या आरंभीं विंडोज प्रणालींतच एक गंभीर छिद्र आढळलें. त्यांतून कचेरीच्या जाळ्यांतील संगणक दुरून ताब्यांत घेतां येणें शक्य होतें. मायक्रोसॉफ्टला तें बुजविण्यास वर्षाहून अधिक काळ लागला व १० फेब्रुवारी २०१५ रोजीं दुरुस्ती प्रसिद्ध झाली. तोंपर्यंत अहवालाचा तेवढा भाग झांकून ठेवण्यांत आला होता. नांवें उघडण्याची चर्चाच झाली नसती तर हें छिद्र आणखी किती दिवस तसेंच राहिलें असतें कोण जाणे! नव्या गोष्टीस हात घातल्यानें जुना दोष उघडकीस येतो, असेंहि घडतें.

आतां उरलीं तीन नांवें: कॉर्प, होम आणि मेल. यांच्या अर्जदारांना 'नाहीं' असें कोणी म्हणेना, 'होय' असेंहि म्हणेना. अखेर ४ फेब्रुवारी २०१८ रोजीं मंडळानें ठरविलें कीं, हे अर्ज पुढें जाणार नाहींत, व फी परत करावी. अर्ज २०१२ चे आणि निकाल २०१८ चा! ज्या धोक्याची चाहूल २०१० सालीं लागली होती, तो पैसे घेण्यापूर्वींच तपासला असता तर हीं सहा वर्षें वांचलीं असतीं. आमचा आक्षेप सावधगिरीवर नाहीं. ती चुकीच्या जागीं केली गेली यावर आहे. पूल पक्का आहे कीं नाहीं हें पाहावें ते गाड्या पुलावर चढण्यापूर्वीं. अर्ध्यावर गाड्या थांबवून खांब मोजूं लागणें यानें प्रवाशांचा खोळंबा होतो, आणि पूल कांहीं अधिक बळकट होत नाहीं.

परंतु निकाल योग्य होता याविषयीं आम्हांस संशय नाहीं. त्याची साक्ष दोन वर्षांनीं एका निराळ्याच बाजूनें मिळाली. एका गृहस्थानें १९९४ सालीं 'कॉर्प डॉट कॉम' हें साधें नांव विकत घेऊन ठेवलें होतें. विंडोजच्या जुन्या मांडणींत अंतर्गत नांव म्हणून 'कॉर्प' हेंच उदाहरणादाखल दिलेलें असल्यामुळें अनेक कचेऱ्यांनीं तें तसेंच ठेवलें होतें, आणि त्यांचे भरकटलेले संगणक या पत्त्याकडे धांव घेत. २०१९ सालीं केलेल्या एका परीक्षेंत पावणेचार लाख संगणक, आपणांस पुसलें जात नसतांहि, आपली माहिती या नांवाकडे पाठविण्याची खटपट करीत असल्याचें दिसून आलें. ज्यानें हें नांव राखलें त्यानें तें दुष्टांच्या हातीं जाऊं नये अशी इच्छा दाखविली, आणि एप्रिल २०२० मध्यें मायक्रोसॉफ्टनेंच तें विकत घेतलें. एका नांवाची ही कथा. 'कॉर्प' हा सबंध शेवटचा शब्दच कोणास दिला असता तर काय झालें असतें, याची कल्पना वाचकांनींच करावी.

सारीच भीति मात्र सारखी नसते. संगणकाचे कार्यक्रम रचणारे लोक आपल्या प्रयोगाच्या जागांस 'डेव्ह' असें घरगुती नांव लावीत. तें नांव गूगलकडे गेलें, आणि २०१७ च्या अखेरीस तिच्या क्रोम ब्राउझरनें 'डेव्ह' वर संपणाऱ्या सर्व पत्त्यांस सुरक्षित जोडणीची सक्ति केली. त्यामुळें पुष्कळांचे प्रयोग एका रात्रींत बंद पडले. त्रास झाला, चडफड झाली, पण चोरी झाली नाहीं. 'झिप' हें नांव २०२३ च्या मे महिन्यांत सर्वांस खुलें झालें तेव्हां, बांधलेल्या फायलीचें नांव कोणतें व संकेतस्थळ कोणतें हें सामान्य मनुष्यास कळणार नाहीं, अशी नवी ओरड झाली. आणि ती अगदींच निराधार नव्हती. तेव्हां प्रत्येक नांवाचा स्वतंत्र विचार करावयास हवा. आयकॅनच्या नांव-संघर्ष अभ्यास प्रकल्पाच्या २०२४ च्या अहवालाचा कलहि असाच आहे: नांव कायमचें देण्यापूर्वीं तें तात्पुरतें उघडून परिणाम पाहावा व मग ठरवावें. एकदां दिलेलें नांव परत घेणें जवळजवळ अशक्य असतें, कारण तोंपर्यंत त्यावर शेंकडों दुकानें व संस्था उभ्या राहिलेल्या असतात. उशीर मात्र भरून काढतां येतो. हा फरक मोठा आहे.

तरीहि उशीर फुकटचा असतो असें कोणीं समजूं नये. पहिल्या फेरीचे अर्ज २०१२ च्या जानेवारींत सुरू झाले. पुढील फेरी उघडण्यासाठीं एप्रिल २०२६ ही वेळ ठरविण्यांत आली. म्हणजे मध्यें चवदा वर्षें गेलीं. (याचा सर्व दोष सुरक्षिततेच्या माथीं मारतां येत नाहीं, नियम, हक्क व पैसा यांवरील वादांनींहि त्यांतील मोठा भाग खाल्ला.) ज्या उत्तर अमेरिकन अर्जदारांनीं पहिल्या फेरींत पाट मांडले त्यांचें या चवदा वर्षांत काय बिघडलें? ज्या आफ्रिकेंतून अवघे १७ अर्ज आले होते, किंवा ज्या लोकांस २०१२ सालीं या गोष्टीची वार्ताहि नव्हती, तेच ताटकळत राहिले. उलट बाजूस, घाईचें नुकसान ज्यांस पोहोंचतें त्यांचा तर या सभांत प्रतिनिधीच नसतो. लहान इस्पितळांतील कारकून, ज्याच्या यंत्रांत दहा वर्षांपूर्वीं कोणी 'कॉर्प' लिहून ठेवलें, तो आयकॅनच्या बैठकीस कसा जाणार? अर्जदारांपाशीं वकील असतात; ह्या कारकुनापाशीं कोणी नसतो. म्हणून दोन्ही पारडीं सारखीं दिसलीं तर आम्ही आपलें वजन त्याच्या पारड्यांत टाकूं.

मराठी वाचकांचा या प्रश्नाशीं आणखी एका वाटेनें संबंध येतो. 'भारत' हें नागरी लिपींतील शेवटचें नांव २७ ऑगस्ट २०१४ रोजीं खुलें झालें. मराठी, कोंकणी, हिंदी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो व सिंधी या आठ भाषांची त्यांत सोय आहे. परंतु नागरी अक्षरांत नांव देणें रोमनइतकें सोपें नाहीं. आमच्या 'तऱ्हा', 'सुऱ्या' या शब्दांतील ऱ् पाहा. संगणकांत हें अक्षर दोन रीतींनीं लिहितां येतें: नुक्ता असलेला ऱ व हलन्त यांनीं, किंवा साधा र, हलन्त व डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह यांनीं. कागदावर दोन्ही सारखींच दिसतात. यंत्रास तीं निराळीं. म्हणजे दिसण्यांत एकच असलेलीं दोन नांवें दोन निरनिराळ्या माणसांच्या मालकीचीं होऊं शकलीं असतीं, आणि बँकेच्या नांवाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या भामट्यास याहून उत्तम संधि कोणती? रशियन लिपींतील 'अ' रोमन 'अ' सारखाच दिसतो, याचा फायदा घेऊन नामांकित कंपन्यांच्या पत्त्यांची नक्कल करतां येते, हें संशोधकांनीं पूर्वींच दाखविलें होतें. म्हणून ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ लिपींच्या जाणकारांचें एक मंडळ बसलें, अक्षराक्षराचा खल झाला, आणि मूळ यादीसाठीं नागरीचे नियम २०१९ सालीं प्रसिद्ध झाले. अदृश्य चिन्हें मूळ यादींत मुळींच चालत नाहींत. त्यामुळें नुक्त्याच्या ऱ नें लिहिण्याची रीत ग्राह्य ठरली. मराठीचा हा ऱ् हिंदींत लागत नाहीं. मंडळानें घाई केली असती तर तो यादींतून सहज गळला असता. येथें विलंबानें आमचा लाभच झाला, असें म्हणावें लागतें.

विलंब सत्कारणीं लागल्याचें दुसरें एक उदाहरण मूळ यादीच्या किल्लीचें आहे. मूळ यादी खरी आहे याची खूण पटविणारी एक गुप्त किल्ली १५ जुलै २०१० पासून वापरांत आली. ती ११ ऑक्टोबर २०१७ रोजीं बदलावयाची होती. अगोदर चौदाच दिवस, कित्येक यंत्रें नव्या किल्लीसाठीं सिद्ध नाहींत असें नोंदींवरून दिसलें, आणि बेत पुढें ढकलला गेला. बरोबर एका वर्षानें, ११ ऑक्टोबर २०१८ रोजीं, किल्ली बदलली व फारसा गोंधळ झाला नाहीं. मधल्या वर्षांत लोकांस कळविणें, मोजणें, पुन्हां मोजणें चालू होतें. तें वर्ष स्वस्थ बसून गेलें नव्हतें.

पालकांपैकीं जे कचेऱ्यांत, दवाखान्यांत किंवा दुकानांत संगणकांचें जाळें मांडतात, त्यांच्यासाठीं एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. अंतर्गत जाळ्यास मनास येईल तें शेवटचें नांव देऊं नये. आज जें कोणाचेंच नाहीं तें उद्यां कोणाचें तरी होऊं शकतें. आपल्या संस्थेचें नोंदलेलें नांव असेल तर त्याच्याखालींच अंतर्गत नांवें द्यावीं. तें नसेल तर यासाठींच राखून ठेवलेलें एक नांव आतां उपलब्ध आहे: 'इंटरनल'. हें नांव कोणासहि विकूं नये, तें घरगुती वापरासच ठेवावें, असा ठराव आयकॅनच्या मंडळानें २९ जुलै २०२४ रोजीं केला. असें एखादें नांव राखून ठेवा, ही सूचना सल्लागार समितीनें सप्टेंबर २०२० मध्यें केली होती. एक नांव कोणासहि न देण्याचें ठरविण्यासहि जवळजवळ चार वर्षें लागलीं.